पार्श्वभूमी : एबी रोडकाठची घरे आणि आत शिरणारा धूर

राजवाड्याभोवतीच्या जुन्या इंदुरात घर रस्त्याला लागून असणे ही चैन होती. ओट्यावर बसले की सगळे गाव समोरून जाई. १९१८ मध्ये होळकर दरबारासाठी नगररचनेचा जो अहवाल तयार झाला, त्यात काळजी होती प्लेगची, हिवतापाची आणि नद्यांच्या घाणीची. आग्रा-मुंबई रस्ता, म्हणजेच आजचा एबी रोड, तेव्हा शहराबाहेरचा. पुढे वस्ती त्याच्या दोन्ही अंगांनी फुगत गेली आणि पलासिया, गीता भवन, नवलखा हे चौक शहराच्या मध्यात येऊन बसले.

काळा धूर ओकणारे टेम्पो ज्यांना आठवतात, त्यांना आजची हवा निर्मळच वाटते. ते अगदी चूकही नाही. २००० मध्ये शिशाचे पेट्रोल गेले, २००६ पासून नव्या सिटी बस आल्या, एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ हे धुराचे कडक मानक लागू झाले. डोळ्यांना दिसणारा धूर घटला, गाड्या मात्र वाढतच गेल्या. शिवाय ब्रेक आणि टायर झिजून उडणारे कण बीएस-६ च्या धुराच्या मर्यादांत येतच नाहीत.

हा सगळा हिशेब होतो तो बाहेरच्या हवेचा. घरात येणाऱ्या हवेची गोष्ट अडली ती एका शब्दापाशी. २००९ ची राष्ट्रीय मानके ‘परिवेशी’ हवेसाठी आहेत, म्हणजे मोकळ्यावरच्या. पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांची, वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, नायट्रोजन डायऑक्साइडचीही ४०. उंबरा ओलांडला की ही मानके संपतात. मग आत काय? आतल्या हवेसाठी आपल्याकडे ‘घरगुती प्रदूषण’ हा शब्द रुळला आणि त्याचा अर्थ ठरला चूल. लाकूड-शेणींच्या धुराने बायकांचे हाल होत होते, हे खरेच. २०१६ पासून घरोघर गॅस देण्याची मोठी योजना आली तीही रास्त. पण ‘घरगुती’ हा शब्द धूर कुठून निघतो ते सांगतो आणि ‘घरातला’ हा तो कुठे साचतो ते. या दोहोंची गल्लत झाली आणि एबी रोडवर दुसऱ्या मजल्यावर राहणारे, गॅसवर स्वयंपाक करणारे कुटुंब दोन्ही वह्यांतून निसटले. चूल नाही म्हणून आतले प्रदूषण नाही, आणि बाहेरच्या मोजणीचे यंत्र त्यांच्या खिडकीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादांत ही भिंत नाही. त्या घराच्या आत आणि बाहेर सारख्याच लागू आहेत, आणि पीएम २.५ साठी वार्षिक आकडा ५ आहे. आपला ४० तसाच राहिला.

वाहनांच्या धुरातले अतिसूक्ष्म कण रस्त्यापासून दोन-तीनशे मीटरांत बरेच विरळ होतात, म्हणून मागच्या गल्लीतले घर आणि दर्शनी घर यांत मोठा फरक पडतो. टेबलावर बोटाने रेघ उमटते ती जाड धूळ. ती लवकर बसते आणि पुसताही येते. बारीक कण तरंगत राहतात. आपल्या घरांच्या खिडक्या उघड्या, दारांना फटी. त्यामुळे बाहेरचे बहुतेक आत येतेच. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत कोंडते तेव्हा धूरही खालीच राहतो. नेमकी हीच वेळ आपण ‘ताजी हवा’ म्हणून खिडक्या उघडण्याची.

देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ हे शहर सतत पहिले आले. रस्ते रात्री यंत्राने झाडले जातात, त्यामुळे उडणारी धूळ कमी झाली. धुराचे काम झाडूने होत नाही, एवढेच.

बीआरटीएसचा वाद याच रस्त्यावरचा. २०१३ मध्ये सुरू झालेली सुमारे साडेअकरा किलोमीटरची ही बसमार्गिका काढण्याची घोषणा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाची परवानगी मिळताच तोडकाम सुरू झाले. दोन्ही बाजू भांडल्या त्या कोंडी आणि मिनिटांवर. मधली जागा मोटारींना मोकळी झाली, तर कडेच्या बेडरूमांत काय येईल, याला त्या वादात फारशी जागा मिळाली नाही. त्याच पट्ट्यात एलआयजी चौक ते नवलखा अशा उन्नत मार्गाची, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या लांब पुलाची, चर्चा गेली कित्येक वर्षे चालू आहे. तसा पूल झाला की खालच्या रस्त्याचा धूर त्याच्या छपराखाली रेंगाळेल, आणि वरच्या गाड्यांचे सायलेन्सर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांच्या पातळीवर येतील.