एक वकील, दोन पालक

अमेरिकेत मुलाचा ताबा जाणं आणि पालकत्वाचे हक्कच संपुष्टात येणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. ताबा गेला तरी आईबाप कायद्याने आईबापच राहतात. भेटीची मागणी करता येते, परिस्थिती सुधारली की मूल परत मागता येतं. हक्क संपवणारा निकाल लागला की मात्र ते मुलाला परके होतात आणि मूल दत्तक जायला मोकळं होतं. अशा खटल्यांत पालकांच्या वकिलाचे पाय दोन दगडांवर होते, म्हणजे एकमेकांशी भिडणाऱ्या हितांच्या दोघांची बाजू तो एकटाच मांडत होता, ही तक्रार अपिलांमध्ये नवी नाही. त्याचं खापर एकेका वकिलाच्या नीतिमत्तेवर फोडणं सोपं आहे. माझ्या मते मूळ दुखणं वेगळंच आहे: कुणाला वकील आधी मिळाला, कुणाला नंतर, आणि त्याचे पैसे कोण देतं.

मूल काढून घ्यायला कोर्टात येणाऱ्या बालकल्याण खात्याच्या मागे सरकारचं बळ होतंच. मुलासाठी न्यूयॉर्कने १९६२च्या फॅमिली कोर्ट कायद्यात 'लॉ गार्डियन', म्हणजे मुलाची बाजू मांडणारा वकील, आणला. १९७४च्या केंद्रीय कायद्याने बालअत्याचार रोखण्यासाठी अनुदान घेणाऱ्या राज्यांना अट घातली, की अशा प्रकरणात मुलाचा प्रतिनिधी नेमलाच पाहिजे. आईबाप राहिले मागे. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने गरीब पालकाला सरकारी खर्चाने वकील द्यायला लावला आणि १९७८ मध्ये अमेरिकी संसदेने मूळ निवासी जमातींच्या मुलांबाबतच्या खटल्यांत पालकांना तो हक्क दिला. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला.

'लॅसिटर विरुद्ध डिपार्टमेंट ऑफ सोशल सर्व्हिसेस' हा तो खटला, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचा. तुरुंगातून आणलेली आई सुनावणीत वकिलाशिवाय उभी होती. उलटतपासणीही तिनेच घ्यायची होती. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं, की राज्यघटना अशा प्रत्येक पालकाला वकिलाची हमी देत नाही, खटल्यागणिक ठरवा. तेव्हा ३३ राज्यं आणि राजधानीचा जिल्हा आपापल्या कायद्याने वकील देतच होते. म्हणजे निकालाने फारसं कुणाचं काही काढून घेतलं नाही. पण हक्क घटनेचा न राहता राज्याच्या, आणि पुष्कळ ठिकाणी काउंटीच्या, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, तिजोरीचा झाला.

तिजोरीचा म्हटलं की काटकसर आलीच. आई आणि बाप दोघेही गरीब, दोघांनाही मूल हवं, दोघांवर आरोपही सारखेच, मग एकच वकील का नको? टेक्ससचा कौटुंबिक कायदा याला परवानगी देतो. अट इतकीच, की दोघांच्या हितांत विरोध नाही आणि त्यांच्यात घरगुती हिंसाचाराचा इतिहास नाही, याची न्यायाधीशाने खात्री करावी. कागदावर हे ठीक आहे. पण विरोध पहिल्या तारखेला दिसत नाही. तो नंतर येतो, बहुधा खात्याकडूनच. 'नवऱ्याला घराबाहेर काढलंस तर मुलं परत मिळतील,' असं आईला सांगितलं गेलं, की त्या क्षणापासून वकील एकीला जो सल्ला देईल तो दुसऱ्याच्या मुळावर येतो. मुलाच्या अंगावरच्या जखमेबद्दलही तेच. 'आम्हा दोघांना काही माहीत नाही' हा एकत्र बचाव असतो, 'मी कामावर होते, घरी तो होता' हा वेगळा. पहिला सल्ला दिलेल्या वकिलाला दुसरा बचाव मांडता येत नाही, आणि मांडला नाही तर आईचं नुकसान होतं.

टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये यासाठी कसोटी सांगितली: एका पालकाप्रतीच्या कर्तव्यामुळे दुसऱ्याप्रतीच्या कर्तव्याला बाधा येण्याचा ठोस धोका आहे का? नुसत्या शक्यतेवर भागत नाही. कसोटी वाईट नाही, पण ती लावायची वेळ मात्र नेमकी अडचणीची असते. टेक्ससमध्ये असा दावा साधारण वर्षभरात सुनावणीला आला नाही, मुदतवाढही मिळाली नाही, तर तो आपोआप निकाली निघतो. केंद्राच्या १९९७च्या कायद्यानुसार मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी देखभालीत असेल, तर काही अपवाद सोडता राज्याने हक्क संपवण्याचा अर्ज करायचा असतो. अशा घाईत शेवटच्या आठवड्यात 'मला वेगळा वकील द्या' म्हणणारी आई न्यायाधीशाला तारीख लांबवणारी वाटते. नवा वकील म्हणजे नवं वाचन, नवी तारीख.

भावंडांचा प्रश्नही याच जातीचा. धाकटी दोघं दत्तक जाणार, थोरल्याला ताटातूट नको, वकील तिघांचा एक. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तेही २००३ मध्येच, सुरुवातीला एक वकील चालेल असं ठरवलं. प्रत्यक्ष विरोध असेल किंवा उद्भवण्याची रास्त शक्यता दिसत असेल तरच वेगळे.

छोट्या काउंटीत आणखी एक प्रकार घडू शकतो, त्याची चर्चा कमी होते. आज कठड्यासमोर उभी असलेली तरुण आई दहा वर्षांपूर्वी स्वतःच सरकारी देखभालीतलं मूल होती. तेव्हा तिची बाजू मांडणाऱ्या कार्यालयाकडे आज तिच्या मुलाचं वकीलपत्र येतं. तिची जुनी कागदपत्रं, तिने विश्वासाने सांगितलेलं सगळं, त्याच कपाटात.

१९८२च्या 'सँटोस्की विरुद्ध क्रेमर' निकालात न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिलं होतं, की पालक नालायक ठरेपर्यंत नातं चुकून तुटू नये यात मूल आणि पालक दोघांचंही हित असतं. म्हणजे मुलाची आणि पालकांची हितं खटल्याच्या मध्यातच फुटतात. वकिलाबद्दलच्या अशा तक्रारीवर अपिलात लावली जाणारी, फौजदारी कायद्यातून उसनी घेतलेली तपासणी मात्र निकालानंतर मागे वळून बघते: विरोध खरंच होता का, आणि त्याने नुकसान झालं का? उत्तर मिळेपर्यंत मूल नव्या घरात रुळलेलं असतं.

न्यूयॉर्क शहराने २००७ पासून पालकांच्या बचावासाठी स्वतंत्र संस्थांशी करार केले. तिथे एका पालकाचं काम संस्थेने घेतलं, की दुसऱ्याला बाहेरचा वकील मिळतो. २०१९ पासून केंद्र सरकार पालकांच्या वकिलांवरच्या खर्चाचा काही भाग राज्यांना परत देऊ लागलं. दोन पालकांना दोन वकील देताना काउंटीचा हात आखडतो, त्याचं एक कारण तरी त्यामुळे थोडं कमी झालं.