शिकाऊ उमेदवाराची फी कोण भरतो?

सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची शिकाऊ उमेदवारी केलेल्या माणसाला व्हाउचिंग म्हणजे काय ते समजावावं लागत नाही. क्लायंटच्या ऑफिसातला एखादा कोपरा धरायचा, फायलींचे गठ्ठे सोडायचे आणि एकेक व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची पावती, लेजरशी, म्हणजे खातेवहीशी ताडून टिक मारत जायचं. पहिल्या महिन्यात वाटतं, यात शिकण्यासारखं काय आहे? सहाव्या महिन्यात खोटं बिल वासावरून ओळखता येतं, निदान तसा समज तरी होतो.

इंग्लंडमध्ये आज ए-लेव्हल, म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीची परीक्षा देऊन अठरा वर्षांची मुलं थेट ऑडिट आणि सल्लागार कंपन्यांत नोकरीला लागतात. महिन्याचा पगार घेत डेटा सायन्सची पदवी करतात आणि फीचा एक पैसा भरत नाहीत. याला तिकडे डिग्री अप्रेंटिसशिप म्हणतात. आपल्याकडच्या पालकांना ऐकून नवल वाटतं. पण ही व्यवस्था आर्टिकलशिपचीच नात आहे. बदलली ती पैशाची दिशा.

शिकाऊ उमेदवारी इंग्लंडमध्ये कायद्याने बांधली गेली १५६३ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात. कोणताही हुन्नर करायचा तर आधी सात वर्षं उस्तादाकडे काढलीच पाहिजेत, असा तो दंडक होता. एकाच कागदावर करार दोनदा लिहायचा, मधोमध दातेरी रेघेत कापायचा आणि अर्धा-अर्धा दोघांनी ठेवायचा. पुढे तंटा झाला तर दाते जुळवून पाहायचे. लग्न करायचं नाही, फासे-पत्ते खेळायचे नाहीत, दारूच्या गुत्त्यात जायचं नाही, हे सगळं त्यात असे. आजही कंपनी, विद्यापीठ आणि उमेदवार मिळून प्रशिक्षणाचा आराखडा लिहून सही करतात. लग्नाचं कलम तेवढं गेलं.

सात वर्षांच्या सक्तीची कलमं १८१४ मध्ये रद्द झाली. पण पांढरपेशा धंद्यांनी पद्धत सोडली नाही, उलट तिला प्रतिष्ठा दिली. रेल्वेच्या भागधारकांचे पैसे नेमके कुठे जातात हे तपासायला माणसं हवी होती, त्यातून हिशेबनीसांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. विल्यम डेलॉइटने लंडनमध्ये १८४५ साली दुकान मांडलं, सॅम्युअल प्राइसने १८४९ साली. १८८० मध्ये इंग्लंड-वेल्सच्या चार्टर्ड अकाउंटंट संस्थेला राजसनद मिळाली आणि वाट ठरून गेली: पाच वर्षं आर्टिकल्स, मग परीक्षा. यातली मेख अशी की या पाच वर्षांसाठी मुलाचा बाप पेढीच्या मालकाला पैसे मोजत असे. ‘प्रीमियम’ म्हणत त्याला, आणि तो अनेकदा शेकडो गिनींचा, म्हणजे जुन्या इंग्रजी मोहरांचा असे. पगार नाममात्र, किंवा तोही नाही. साहजिकच ज्याच्या घरी पैसा, तोच सीए. बायकांना तर पैसे असूनही दार बंद होतं. मेरी हॅरिस स्मिथ या पहिल्या महिला सभासदाला संस्थेने आत घेतलं ते १९२० मध्ये.

आपल्याकडे १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यानंतर जी संस्था उभी राहिली, तिनेही आर्टिकलशिपची हीच परंपरा चालवली. त्यामुळेच पुण्या-मुंबईत ‘आर्टिकल’ हा शब्द माणसासाठी वापरला जातो: “आमच्याकडे दोन आर्टिकल आहेत.” २०२३ च्या नव्या योजनेने तीन वर्षांची ही उमेदवारी दोनवर आणली. स्टायपेंडबद्दल न बोललेलंच बरं.

इंग्लंडात मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेढ्या पदवीधरांनाच घेऊ लागल्या. कारखान्यांतली उमेदवारीही आटत गेली. १९९४ मध्ये सरकारने ‘मॉडर्न अप्रेंटिसशिप’ नावाने ती पुन्हा उभी करायचा प्रयत्न केला, पण ती मुख्यतः हाताने काम करणाऱ्यांची वाट समजली गेली. शिकणारा कॉलेजात आणि राबणारा कारखान्यात, अशी फाळणी पक्की झाली.

ती मोडली फीमुळे. इंग्लंडात पदवीला १९९८ मध्ये वर्षाला १,००० पौंड फी लागली, २००६ मध्ये ती ३,००० पर्यंत गेली आणि २०१२ मध्ये कमाल ९,०००. चौदा वर्षांत नऊपट! तीन वर्षांची पदवी म्हणजे डोक्यावर मोठं कर्ज. हुशार मुलं विचारू लागली, की हे हवंच कशाला? कंपन्यांना वारा आधीच लागला होता. प्राइसच्या पेढीतूनच वाढलेल्या प्राइसवॉटरहाउसकूपर्स या ऑडिट कंपनीने २००२ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाबरोबर अकाउंटिंगचा असा अभ्यासक्रम सुरू केला, ज्यात पदवी करतानाच कंपनीत पगारी काम असे. केपीएमजी या दुसऱ्या ऑडिट कंपनीने २०११ मध्ये शाळा संपवून येणाऱ्या मुलांना पगार आणि विद्यापीठाची फी दोन्ही देऊ केली.

सरकार मागून आलं. डग रिचर्ड या उद्योजकाने २०१२ मध्ये अहवाल दिला, की उमेदवाराने काय शिकायचं ते मालकांनी ठरवावं. २०१३ पासून कंपन्यांचे गट एकेका व्यवसायाची मानकं लिहू लागले, आणि २०१५ मध्ये पदवीपर्यंत नेणारी अप्रेंटिसशिप सुरू झाली.

तरी खरा धक्का एप्रिल २०१७ चा. ज्या कंपनीचं वर्षाचं पगारबिल ३० लाख पौंडांच्या वर, तिच्यावर पगारबिलाच्या अर्धा टक्का कर बसला. १५,००० पौंडांची सूट वजा. ५० कोटी पौंड पगार वाटणाऱ्या कंपनीसाठी हे झाले जवळपास २५ लाख पौंड. हे पैसे कंपनीच्याच नावाच्या खात्यात पडतात, पण सुरुवातीच्या नियमाने ते खर्चायचे फक्त अप्रेंटिसशिपच्या प्रशिक्षणावर, तेही २४ महिन्यांत. नाहीतर गेले. हिशेबात मुरलेल्या कंपन्या असा पैसा वाया थोडाच घालवणार? काहींनी आपल्या वरिष्ठ मॅनेजरांनाच ‘उमेदवार’ करून एमबीए करवलं, त्यावर बोंबही झाली. पण अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठीही जागा निघाल्या. प्राइसवॉटरहाउसकूपर्सची लीड्स आणि बर्मिंगहॅम विद्यापीठांबरोबरची तंत्रज्ञानाची डिग्री अप्रेंटिसशिप २०१८ मध्ये सुरू झाली.

आता प्रश्न हा, की हिशेब तपासणाऱ्यांना डेटा सायन्स कशाला? संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी १९६२ मध्येच मांडलं होतं, की डेटाचं विश्लेषण हे स्वतंत्र शास्त्र मानावं. ऑडिटवाले मात्र दीर्घकाळ नमुन्यावर भागवत आले: हजार व्हाउचरांतली पन्नास काढायची. नोंदी कोट्यवधींत गेल्या आणि सगळ्याच संगणकात आल्या, तेव्हा नमुन्याऐवजी सगळ्या तपासणं शक्य झालं. आणि तिथे गणित कामाला येतं. सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञाच्या १८८१ मध्ये ध्यानात आलं होतं, की मोठे गुणाकार-भागाकार सोपे करणाऱ्या लॉगटेबलची सुरुवातीची पानं जास्त मळलेली असतात, म्हणजे १ ने सुरू होणारे आकडे लोकांना जास्त लागतात. १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्ड यांनी ते ढीगभर आकड्यांवर पडताळलं. बऱ्याच नैसर्गिक आकड्यांत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास, आणि ९ असण्याचं पाचही नाही. मनाने रचलेली बिलं हे गणित सहसा पाळत नाहीत. जुन्या आर्टिकलचा ‘वास’ तो हाच, फक्त आता तो दहा ओळींच्या कोडमध्ये बसतो. बसला, तरी संशयित यादी हातात आल्यावर क्लायंटला काय विचारायचं हे कोणाच्या तरी शेजारी बसूनच शिकावं लागतं.

उमेदवाराचा आठवडा विद्यापीठ आणि ऑफिस या दोन्हींत वाटलेला असतो. सुरुवातीच्या नियमाने कामाच्या वेळेतला २० टक्के वेळ शिक्षणाला द्यावाच लागे. २०२२ ते २०२५ या काळात पूर्णवेळ उमेदवाराला आठवड्याला किमान सहा तास, असा तो मोजला जाई. त्या तासांची नोंद ठेवायची, प्रकल्पांचे पुरावे जमवायचे, ठरावीक महिन्यांनी मॅनेजर आणि विद्यापीठाच्या प्रशिक्षकासमोर बसायचं आणि शेवटी अंतिम मूल्यमापन. काही ठिकाणी आठवड्यातला एक दिवस विद्यापीठाचा, काही ठिकाणी सत्रभर कॉलेज आणि सुट्टीत कंपनी. मित्र उन्हाळ्यात समुद्रावर जातात तेव्हा उमेदवार क्लायंटचा डेटा साफ करत असतो. कर्ज नाही, पण मोकळी सुट्टीही नाही.

इथून तिकडे शिकायला जाऊ पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अप्रेंटिसशिपच्या या पैशासाठी साधारणपणे आधीची तीन वर्षं तिथे वास्तव्य लागतं, त्यामुळे विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला ही वाट नाही. लंडन किंवा लेस्टरला वाढलेल्या मराठी घरातल्या मुलांना ती खुली आहे. पण जागा मोजक्या आणि अर्ज उदंड. प्रीमियम गेला, तरी अर्ज कसा भरायचा, चाचणीत कसं बोलायचं हे घरात कोणाला तरी ठाऊक असणाऱ्या मुलांचं पारडं आजही जड असतं.

जानेवारी २०२६ पासून पदव्युत्तर पातळीच्या नव्या अप्रेंटिसशिपला सरकारी पैसा मुख्यतः २१ वर्षांपर्यंतच्या उमेदवारांपुरता राहिला. पदवी झालेल्यांना सीए करवण्यासाठी कंपन्या नेमकी हीच पातळी वापरत. पदवीच्या पातळीला तो नियम लागू नाही. म्हणजे करातून भरलेले पैसे परत मिळवायचे, तर अठरा वर्षांचं पोरगं घेणं आता पेढ्यांना आणखी परवडतं.