स्क्वॉटमध्ये पावलांची जागा खुबा ठरवतो

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत असो वा नवी मुंबईत वाशी-नेरुळला, जिममध्ये स्क्वॉटच्या, म्हणजे पाठीवर वजनाचा बार घेऊन मारायच्या बैठकांच्या, रॅकपाशी नवख्या माणसाला मिळणारी सूचना बहुधा ठरलेली असते: पाय खांद्याएवढे फाकवा, पावले सरळ ठेवा आणि गुडघे बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका. सूचना सुटसुटीत आहे, परंतु ज्या सांध्यावर सगळे अवलंबून आहे त्या खुब्याचा तिच्यात उल्लेखच नाही.

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोबणीत बसतो आणि एका आखूड, तिरप्या मानेने तो खालच्या दांड्याला जोडलेला असतो. मान आणि दांडा यांच्यातील कोन प्रौढांमध्ये साधारण 125 अंशांचा असतो. शिवाय ही मान पुढच्या बाजूलाही काहीशी वळलेली असते. हा पुढचा पीळ नवजात बालकात 30 ते 40 अंश असतो आणि वाढीच्या वयात उतरत जाऊन प्रौढपणी सरासरी 15 अंशांच्या आसपास येतो. प्रत्यक्षात कोणाची मान जवळजवळ सरळ, तर कोणाची चांगलीच पुढे वळलेली आढळते. खोबणीची खोली आणि तिच्या तोंडाची दिशा यांतही माणसागणिक फरक असतो.

खोल बसताना मांडी पोटाकडे येते, तशी ही मान खोबणीच्या पुढच्या काठाकडे सरकते. ती काठाला टेकली की खुबा आणखी वाकत नाही. मग उरलेले अंतर कंबर भरून काढते, माकडहाड आत वळते आणि पाठीचा खालचा भाग गोल होतो. जिममध्ये याला बट विंक म्हणतात आणि त्यावर सरसकट स्ट्रेचिंग सांगितले जाते. स्नायू आखडलेले असतील तर त्याचा उपयोग होतो; हाडाला हाड लागत असेल, तर महिनोन्महिने ताणूनही काही हाती लागत नाही. अशा वेळी पायांतील अंतर थोडे वाढवून पावले बाहेर वळवली, की बहुतेकांना अधिक खोल बसता येते. ज्यांचा पुढचा पीळ मुळातच जास्त आहे, त्यांना मात्र फार बाहेर वळलेली पावले अवघड वाटतात आणि जवळजवळ सरळ पावलेच मानवतात. खांद्यांच्या रुंदीचा या सगळ्याशी फारसा संबंध नाही. सुरुवातीचा अंदाज म्हणून ती ठीक आहे, इतकेच.

गुडघ्यांविषयीचा नियम तर अर्धवटच आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गुडघे पुढे जाऊ नयेत म्हणून स्क्वॉट करणाऱ्यांसमोर फळी उभी केली होती. गुडघ्यावरचा टॉर्क, म्हणजे सांधा वळवणारा जोर, सुमारे 150 न्यूटन-मीटरवरून 117 वर उतरला खरा. पण धड पुढे झुकल्यामुळे खुब्यावरचा टॉर्क 28 वरून थेट 303 वर गेला. भार नाहीसा झाला नाही, त्याने फक्त सांधा बदलला. गुडघा किती पुढे गेला यापेक्षा तो पावलाच्या दिशेतच राहिला का, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

गुडघे पुढे जायचे, तर घोटा तेवढा वाकायला हवा. मांडी लांब आणि घोटा ताठ असेल, तर अरुंद पवित्र्यात टाच उचलते. तालमीतल्या बैठका टाचा उचलून, चवड्यावरच मारतात, पण तेथे पाठीवर बार नसतो. बार घेतल्यावर शरीर आणि बार यांचा एकत्रित भार पावलाच्या मध्यावर राहावा लागतो. टाच उचलली की टेकू चवड्यापुरताच उरतो. पाय थोडे अधिक फाकवले की गुडघ्यांना पुढे कमी जावे लागते. वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाच सुमारे 2 सेंटिमीटर उंच आणि कडक असते, ती याचसाठी. धावण्याचे गुबगुबीत तळव्यांचे बूट मात्र बाराखाली डगमगतात.

स्वतःची जागा शोधण्याची एक पद्धत बाराला हात न लावता करता येते. हात आणि गुडघे जमिनीवर टेकावेत, पाठ सपाट ठेवावी आणि नितंब सावकाश टाचांकडे न्यावेत. हे करताना कोणाला तरी बाजूने पाहायला सांगावे. गुडघ्यांतील अंतर थोडे थोडे बदलत हेच पुन्हा केले, की एका विशिष्ट अंतराला पाठ सर्वांत उशिरा गोल होते. उभे राहून तेवढाच पवित्रा घ्यावा आणि रिकाम्या बारासह पावले 15 ते 30 अंशांपर्यंत बाहेर वळवून पाहावीत. टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ शेवटपर्यंत जमिनीवर टेकलेले राहिले आणि जांघेत पुढून चिमटा बसला नाही, तर रबरी मॅटवर खडूने पावलांच्या कडा आखून घ्याव्यात. दोन्ही रेघा हुबेहूब सारख्या येतीलच असे नाही, कारण उजवा आणि डावा खुबाही नेहमी एकसारखे नसतात. एक पाऊल किंचित अधिक वळलेले असले म्हणून ते ओढूनताणून सरळ करू नये. जांघेतली कळ पवित्रा बदलूनही गेली नाही, तर वजन वाढवण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना खुबा दाखवावा.