मुंगूस, हाबू आणि आमामीचा काळा ससा

मुंगूस हा सापाचा वैरी, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते, आणि ते खोटेही नाही. जपानच्या दक्षिणेकडील आमामी ओशिमा या बेटावर १९७९ साली सुमारे ३० मुंगसे सोडण्यात आली ती याच विश्वासाने. त्यांनी तिथल्या ‘हाबू’ नावाच्या विषारी सापाचा बंदोबस्त करावा अशी अपेक्षा होती. तो विश्वास कुठे चुकला हे समजण्यासाठी आधी ही बेटे समजून घ्यायला हवीत.

जपानच्या क्यूशू बेटापासून तैवानपर्यंत पसरलेल्या र्‍युक्यू बेटांच्या माळेत आमामी बेटे येतात. ७१२ चौरस किलोमीटरचे आमामी ओशिमा हे त्यांतले सर्वांत मोठे बेट. ते जवळपास दिल्लीच्याच अक्षांशावर आहे, पण कुरोशिओ या उष्ण सागरी प्रवाहामुळे आणि मोसमी वाऱ्यांमुळे तिथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि डोंगर बारमाही हिरवे राहतात. बेटांच्या उत्तरेला तोकारा सामुद्रधुनी आहे. तिची खोली एक हजार मीटरांहून अधिक असल्याने हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरांहून खाली गेली तेव्हाही ती कोरडी पडली नाही, आणि उत्तरेकडचे कित्येक प्राणी या बाजूला येऊ शकले नाहीत. प्राणिसृष्टीतील या सीमेला प्राणिशास्त्रज्ञ शोझाबुरो वातासे यांच्या नावावरून ‘वातासे रेषा’ म्हणतात.

अशा एकांतात आमामीचा काळा ससा टिकून राहिला. आखूड कानांचा, गडद तपकिरी, जवळजवळ काळा दिसणारा हा निशाचर प्राणी जगात आमामी ओशिमा आणि तोकुनोशिमा या दोनच बेटांवर आढळतो. त्याच्या मादीची रीत पाहण्यासारखी आहे. ती पिलासाठी वेगळे बीळ खणते, दूध पाजून झाले की बिळाचे तोंड मातीने लिंपून बंद करते आणि वर पालापाचोळा ओढते. पुढच्या पाजण्याच्या वेळेपर्यंत पिलू अंधारात एकटेच असते. ही सारी काळजी मुख्यतः हाबूपासूनच्या रक्षणासाठी असावी.

हाबू हा आपल्या सह्याद्रीतल्या चापड्याच्याच कुळातला. लांबी कधीकधी दोन मीटरांहूनही जास्त. शेजारच्या किकाई, ओकिनोएराबू आणि योरोन या बेटांवर मात्र तो नाही. ही बेटे मुख्यतः प्रवाळखडकांची आणि ठेंगणी आहेत, ती एके काळी समुद्राखाली गेली होती. हाबू उरला तो डोंगराळ बेटांवर.

१६०९ साली क्यूशूवरच्या सात्सुमा संस्थानाच्या सरदारांनी र्‍युक्यू राज्य जिंकले आणि आमामी बेटे थेट आपल्या ताब्यात घेतली. पुढे साखर करापोटी वसूल होऊ लागली आणि भाताच्या जागी ऊस आला. दुष्काळात लोकांनी सायकॅड या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या खोडातले विष धुऊन आणि आंबवून काढले व उरलेल्या पिठावर दिवस काढले. उसात उंदीर येत, उंदरांमागे हाबू येई आणि तोडणीला वाकलेल्या माणसाला दंश होई. तरीही हाबूच्या धाकानेच रान राखले गेले, असे बेटावरचे लोक सांगतात. ‘ओशिमा त्सुमुगी’ या रेशमी कापडाच्या एका प्रसिद्ध नक्षीत सायकॅडचे पान आणि हाबूची कातडी आहे, असे मानले जाते. या कापडाचा काळा रंग रसायनशास्त्राचा सुंदर नमुना आहे: एका झाडाच्या लाकडातील टॅनिन या तुरट द्रव्यात सूत पुन्हापुन्हा बुडवून ते लोहयुक्त चिखलात कालवतात, आणि लोह व टॅनिन यांच्या संयोगातून तो गहिरा काळा रंग धाग्यात बसतो.

आता मुंगूस. तो दिवसा फिरतो, हाबू रात्री. दोघांची गाठ क्वचितच पडे. शिकारी सस्तन प्राणी कधी न पाहिलेले ससे, पक्षी आणि बेडूक मात्र त्याला सहज सापडले. विशेष म्हणजे १९१० साली गंगेच्या मुखाकडील मुंगसे याच माळेतल्या ओकिनावा बेटावर आणून सोडणारे गृहस्थ तेच वातासे होते. ज्या सीमेला त्यांचे नाव लाभले, तिच्या मोलाचा विसर त्यांनाच पडावा याचे मला फार वाईट वाटते.

२००० सालाच्या सुमारास आमामीवरील मुंगसांची संख्या सुमारे १० हजारांवर पोहोचली होती. सापळे, कॅमेरे आणि वास काढणारे कुत्रे घेऊन पथके वर्षानुवर्षे डोंगर तुडवत राहिली. एकूण सुमारे ३२ हजार मुंगसे पकडली गेली, त्यांतले शेवटचे २०१८ साली. सप्टेंबर २०२४ मध्ये बेट मुंगूसमुक्त झाल्याचे जाहीर झाले; त्याआधी २०२१ साली इथल्या रानाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला होता. काळे ससे आता इतके वाढले आहेत की संत्र्याच्या जातीच्या ‘तानकान’ झाडांच्या साली ते कुरतडतात, आणि बागाईतदारांना खोडांभोवती जाळ्या लावाव्या लागतात.