परमिटचे दिवस आणि पीआरचे दिवस

गेल्या चवथीला मी रजा काढून कुडाळला घरी आलो होतो. शेजारच्या काकी पेढे घेऊन आल्या. "झील कॅनडाक सेटल झालो," म्हणाल्या. पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायचा परवाना, आला का, असं विचारलं तर म्हणतात, "आयलो तर! तीन वर्सांचो गावलो."

तीन वर्षांचा पीआर कॅनडात नसतोच. मुलाला मिळालं होतं ते शिक्षण संपल्यावरचं वर्क परमिट. सणाचा दिवस, आरतीची वेळ झालेली, म्हणून पेढा तोंडात टाकून गप्प बसलो. पण हा घोळ मी सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत इतकी वर्षं ऐकतोय, आणि त्याच घोळावर लोक काजूची बाग गहाण ठेवून देश निवडतायत. त्यामुळे आता लिहितोच.

परमिट म्हणजे काय ते बहुतेकांना ठाऊक आहे. कोर्स संपला की ठरावीक काळ कुठेही नोकरी करायची मुभा. कॅनडात कोर्सच्या लांबीनुसार जास्तीत जास्त तीन वर्षं, तीही आयुष्यात एकदाच. ब्रिटनमध्ये दोन वर्षं, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड. जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने. एवढं पुरे.

पीआर समजून घ्यायला मुंबईतली खोली आठवा. आपल्याकडच्या कुठल्याही चाकरमान्याला तीन प्रकार माहीत असतात: अकरा महिन्यांचा करार, पागडी आणि मालकी. वर्क परमिट हा करार. मुदत संपली की सामान उचला. पीआर ही पागडी. मालक तुम्ही नाही, पण तुम्हाला सहजासहजी कुणी उठवू शकत नाही. नागरिकत्व म्हणजे मालकी. पागडीची खोली सलग सहा महिने विनाकारण कुलूपबंद ठेवली तर भाडे नियंत्रण कायद्याखाली मालक कोर्टात ताबा मागू शकतो, हे लालबाग-परळच्या जुन्या लोकांना पाठ असतं. पीआरचंही तसंच आहे. जर्मनीचा साधा पीआर परवानगीशिवाय सहा महिने बाहेर राहिलात की जातो. कॅनडात दर पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहिल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे पीआर घेऊन मालवणात होमस्टे चालवायचं स्वप्न असेल तर ते आताच सोडा.

जाता जाता: पीआर घेतल्याने भारतीय पासपोर्ट जात नाही. तो जातो परक्या देशाचं नागरिकत्व घेतल्यावर. आणि पीआरमुळे सातबाऱ्यावरचं नाव उडतं ही निव्वळ अफवा आहे. अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा बाग नव्याने विकत घेता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते. हे मी दर सुट्टीत निदान चार जणांना सांगतो, आणि पुढच्या सुट्टीत तेच चौघे पुन्हा विचारतात.

आता जिथे खरी गाडी अडते तिथे येऊ. परमिटवर काढलेला प्रत्येक दिवस पीआरच्या खात्यात आपोआप जमा होतो, असं सगळे धरून चालतात. "तीन वर्षं राहिला ना, मग आता मिळायलाच हवा." हे दोन वेगळे हिशोब आहेत. परमिटचे दिवस खर्च होत असतात, पीआरचे जमवावे लागतात. एका वहीत घट झाली म्हणून दुसरीत भर पडतेच असं नाही. म्हणून देश निवडताना परमिट किती वर्षांचं हा प्रश्न दुय्यम आहे. त्या परमिटवरचा कुठला दिवस पीआरला चालतो, हे आधी विचारा.

ब्रिटन घ्या. तिथल्या नेहमीच्या नोकरीच्या वाटेने पीआरसाठी पाच वर्षं स्किल्ड वर्कर व्हिसावर काढावी लागतात. विद्यार्थी म्हणून काढलेलं वर्ष त्यात धरत नाहीत, आणि पदवीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावरची दोन वर्षंही धरत नाहीत. शून्य. ते दिवस उपयोगी पडतात फक्त दहा वर्षांच्या सलग वास्तव्याच्या वेगळ्या वाटेवर. म्हणजे एका वर्षाची मास्टर्स आणि दोन वर्षं कुठेतरी काम करून मुलगा तीन वर्षांनी जिथे उभा असतो, तिथूनच त्याचे पीआरचे दिवस सुरू होतात, तेही एखाद्या कंपनीने स्पॉन्सर केलं तर. त्यासाठीची पगाराची सर्वसाधारण अट जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे, नव्या पदवीधरांना थोडी सवलत. आणि पाचाची दहा वर्षं करायचा प्रस्ताव मे २०२५ मध्ये सरकारनेच मांडला, तेव्हा वारा कुठून वाहतोय ते दर्यावरच्या माणसाला सांगायला नको. ब्रिटनला शिकायला जरूर जा, मास्टर्स एका वर्षात होते. पण पीआरच्या आशेवर जाणार असाल तर माझ्या मते तो सगळ्यात महागडा जुगार आहे.

कॅनडात परमिटवरचे दिवस चालतात. पण कुठले? इथे मी स्वतः आपटलोय. दोन वर्षांच्या डिप्लोमाला असताना मी आठवड्याला २० तास एका कॉफीच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचो. रत्नागिरीतल्या एका कन्सल्टंटने फोनवर हिशोब करून दिला होता: आठवड्याचे २० तास, ७८ आठवडे, झाले १,५६० तास, म्हणजे कॅनडाच्या अनुभवाचं एक वर्ष खिशात. गुणाकार बरोबर होता. कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासला, म्हणजे तिथल्या कामाच्या अनुभवावर पीआर मागायच्या वाटेला, १,५६० तासच लागतात. फक्त पूर्ण वेळ शिकत असतानाचा एकही तास त्यात मोजत नाहीत, हे त्याने सांगितलं नाही. मी पगाराच्या ७८ आठवड्यांच्या पावत्या एका फाइलमध्ये तारखेवार लावून ठेवल्या होत्या. ती फाइल अजून आहे, इस्त्री केल्यासारखी कोरी.

आणि तास मोजले असते तरी ते काम चाललं नसतं. तिथे प्रत्येक कामाला पाच आकडी एनओसी कोड, म्हणजे सरकारी वर्गीकरणातला क्रमांक, असतो, आणि त्यातला दुसरा आकडा कामाचा दर्जा सांगतो. ० ते ३ असेल तर चालतो, ४ किंवा ५ असेल तर नाही. एकाच हॉटेलातला स्वयंपाकी ६३२००, म्हणजे चालला. त्याच्या बाजूला उभं राहून काउंटर सांभाळणारा किंवा भाजी चिरणारा ६५२०१, म्हणजे नाही. दोघांचा मालक एक, ड्रेस एक, कधीकधी पगारही सारखाच. एकाच्या पीआरच्या वहीत रोज भर पडते, दुसऱ्याच्या वहीत वर्षभर काही नाही. अनुभव खिशात आहे या भरवशावर मी परमिटचे पहिले पंधरा महिने गोदामात खोके उचलले. गोदामातल्या मजुराचा कोड ७५१०१.

बरं, योग्य कामाचं एक वर्ष झालं की पीआर मिळाला का? नाही. तुम्ही पात्र झालात, एवढंच. गणपतीच्या गाडीचं वेटिंग लागलं म्हणजे सीट मिळाली नाही, तसं. पुढे १,२०० गुणांची यादी असते, आणि फेरीफेरीने त्यातल्या वरच्या नावांना पीआरच्या अर्जाचं निमंत्रण जातं. वयाचे पूर्ण गुण विसाव्यापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत, तिशीपासून दर वाढदिवसाला कापाकापी. नोकरीच्या ऑफरचे गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. फ्रेंच येणाऱ्यांना मात्र २०२३ पासून वेगळ्या फेऱ्या असतात, आणि त्यांचा कटऑफ बराच खाली येतो. फ्रेंचचा क्लास इथे असतानाच लावा, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. परमिटची मुदत संपेपर्यंत नाव वर सरकलं नाही तर चार्ट लागला, तुम्ही फलाटावर. माझं निमंत्रण आलं तेव्हा परमिटचे नऊ आठवडे उरले होते. त्या काळात मी रात्री किती झोपलो ते विचारू नका.

जर्मनीची रीत वेगळी आहे, आणि खरं सांगायचं तर मला तीच प्रामाणिक वाटते. तिथेही नोकरी शोधायचे १८ महिने पीआरच्या हिशोबात धरत नाहीत. पण तिथल्या विद्यापीठाची पदवी असेल, पदवीला साजेशी नोकरी त्या नोकरीच्या परमिटवर दोन वर्षं केली, पेन्शनचे २४ हप्ते भरले आणि जर्मन भाषा बी-१ म्हणजे मधल्या पातळीला आली, की नीडरलासुंग्सएअरलाउब्निस, म्हणजे तिथला पीआर, मागता येते. (हा शब्द न अडखळता म्हणता आला की बी-१ झालीच समजा.) ब्लू कार्ड, म्हणजे चांगल्या पगाराच्या पदवीधरांचं परमिट, असेल तर बी-१ ला २१ महिने, ए-१ या सुरुवातीच्या पातळीला २७. गुणांची यादी नाही, फेरी नाही, कुणाच्या पुढे जायचं नाही. अटी पुऱ्या करा आणि अर्ज द्या. पण भाषा लागते, आणि आपली मुलं नेमकी तिथेच पळ काढतात. इंग्रजीतून मास्टर्स झाली की जर्मन कशाला, म्हणतात. मग १८ महिने डिलिव्हरीची सायकल मारतात आणि घरी सांगतात की देश वाईट.

ऑस्ट्रेलियाबद्दल एकच: पदवीनंतरच्या ४८५ व्हिसाची वयोमर्यादा जुलै २०२४ पासून ३५ आहे, पीएचडी आणि संशोधनाची मास्टर्स सोडून. चौतिसाव्या वर्षी दोन वर्षांच्या कोर्सला निघालेले मला भेटलेत. आधी बेरीज करा. अमेरिकेचं तर इथे काढूच नका. तिथे दिवस कितीही जमवले तरी ग्रीन कार्डाची रांग जन्मदेशाप्रमाणे लागते, आणि भारताची रांग कुठवर गेलीय ते सगळ्यांना माहीत आहे.

काकींच्या मुलाला मी विसर्जनानंतर मेसेज केला. पिझ्झाच्या दुकानात काम करतो म्हणाला. आत बनवतोस की काउंटरवर असतोस, ते विचारलं. "दोन्ही." मग लिहिलं, मॅनेजरला विचारून ऑफर लेटरवरचा तुझा एनओसी कोड काय आहे तो कळव.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी कुंपणापाशी उभ्या. "अरे, ग्रामपंचायतीची एनओसी व्हयी काय तुका? सरपंच आपलोच आसा."