विनाकारण उभं राहण्याचा गुन्हा

चोरी किंवा मारहाण झाली, तर आरोपीने काय केलं ते न्यायालयात सांगता येतं. रस्त्यावर रेंगाळण्याविरुद्धच्या कायद्यांत मात्र माणसाने बहुतेक वेळा काहीच केलेलं नसतं. तो तिथे का उभा आहे हे पोलिसाला उमगत नाही, एवढंच. या कायद्यांचा वाद आज बेघर, फेरीवाले आणि टोळ्यांतली मुलं यांच्याभोवती फिरत असला, तरी त्याची मुळं पावणेसातशे वर्षं मागे जातात.

1348 मध्ये प्लेगची साथ इंग्लंडात पोचली. माणसं पटापट दगावली, मजुरांची चणचण झाली आणि जे उरले ते वाढीव मजुरी मागू लागले, ती मिळेल तिकडे गाव सोडून जाऊ लागले. जमीनदारांचं धाबं दणाणलं. 1349 च्या राजाज्ञेने साथीपूर्वीच्या दरानेच काम करण्याची सक्ती केली आणि धडधाकट भिकाऱ्याला भीक घालायलाही मनाई केली. सुरक्षिततेचा प्रश्न इथे कुठेच नव्हता. मजूर हातचा जाऊ नये, ही खरी काळजी होती. 1547 च्या कायद्यात तर बेकार भटकणाऱ्याच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने डाग द्यायचा आणि त्याला 2 वर्षं गुलाम करायचं, अशी तरतूद होती. ती दोन-तीन वर्षांतच गुंडाळावी लागली.

अमेरिकेत 1865 मध्ये गुलामगिरी संपली आणि त्याच वर्षी मिसिसिपी राज्याने भटकेपणाविरुद्ध कायदा केला. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाकडे रोजगार नसेल तर 50 डॉलरपर्यंत दंड. 5 दिवसांत तो भरता आला नाही, तर जो कोणी भरेल त्याच्याकडे मजुरीला जुंपायचं. नुकत्याच सुटलेल्या माणसाकडे 50 डॉलर येणार कुठून? कायदा करणाऱ्यांना हे नीट ठाऊक होतं.

इंग्लंडच्या 1824 च्या कायद्यात ‘संशयित’ व्यक्तीला गुन्ह्याच्या इराद्याने रेंगाळल्याबद्दल पकडण्याची मुभा होती. 1970 च्या दशकात तिचा मारा कृष्णवर्णीय तरुणांवर झाला. एप्रिल 1981 मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगल पेटली, त्यामागच्या रागात याचाही वाटा होता. त्याच वर्षी ही तरतूद रद्द झाली. पण साम्राज्याबरोबर हे कायदे वसाहतींत पोचले होते आणि स्वातंत्र्यानंतरही तिथे टिकले. मलावीत 2015 साली एक फेरीवाला पहाटे 4 च्या सुमारास प्लास्टिकच्या पिशव्या विकायला निघाला होता. पोलिसांनी त्याला हटकलं आणि भटक्या म्हणून आत टाकलं. 2017 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवलं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये जॅक्सनव्हिल शहराचा असाच नियम संदिग्ध म्हणून मोडीत काढला. खरी कसोटी लागली ती शिकागोत. 1992 मध्ये शहराने टोळ्यांविरुद्ध आदेश काढला: टोळीचा वाटणारा कुणी इतरांसोबत उघड कारणाशिवाय एका जागी थांबला, की सगळ्यांना हुसकावायचं, ऐकलं नाही तर अटक. टोळ्यांच्या दहशतीने घराबाहेर पडायला घाबरणारे रहिवासी या आदेशाच्या बाजूने होते आणि त्यांची भीती खोटी नव्हती. 3 वर्षांत 89,000 हून अधिक वेळा लोकांना हटवलं गेलं, 42,000 हून अधिक अटका झाल्या. 1999 मध्ये न्यायालयाने हा आदेश 6 विरुद्ध 3 मतांनी रद्द केला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी दिलेलं उदाहरण साधं आहे: टोळीतला मुलगा आणि त्याचा बाप बेसबॉलच्या मैदानाबाहेर प्रेक्षकाला लुटायला उभे असोत किंवा सॅमी सोसा या खेळाडूची एक झलक बघायला, कारण पोलिसाला दिसलं नाही तर दोघांनाही हटवावंच लागणार.

माझ्या मते अन्याय नेमका इथे आहे. कारण ‘दिसणं’ हे बघणाऱ्याच्या नजरेवर ठरतं आणि ही नजर सगळ्यांवर सारखी पडत नाही. भेदरलेल्या वस्तीला संरक्षण हवंच, पण ते धमकी, खंडणी, अमली पदार्थांची विक्री अशा ठोस कृत्यांवर कारवाई करून देता येतं.

शिकागोने 2000 मध्ये आदेश सुधारून ठरावीक ठिकाणांपुरता पुन्हा आणला. पुढे 2024 मध्ये ओरेगन राज्यातल्या ग्रँट्स पास शहराने सार्वजनिक जागी मुक्काम ठोकण्यावर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा 6 विरुद्ध 3 मतांनीच, पण या वेळी वैध ठरवली. तिथे उघड्यावर पांघरूण घेऊन झोपणाऱ्या बेघराला पहिला दंड होता 295 डॉलर.