विकिरण

विकिरण : स्रोतातून तरंगरूपाने किंवा कणरूपाने ऊर्जा बाहेर पडून पसरणे. हिंदी परिभाषेत हाच अर्थ रूढ आहे. मराठी विश्वकोशाने त्यासाठी ‘प्रारण’ स्वीकारला. नाशिक जिल्ह्यात मात्र ‘विकिरण’ म्हणजे कोंब येऊ नयेत म्हणून कांद्यावर किरण सोडण्याची प्रक्रिया.

शब्द वि + कॄ (विखुरणे) यापासून झाला. संस्कारांविना मेलेल्यांसाठी श्राद्धात दर्भावर टाकलेल्या अन्नाला मनुस्मृती (३.२४५) ‘विकिर’ म्हणते, रामकुंडावर श्राद्ध सांगणाऱ्यांना हा शब्द नवा नसावा. माती उकरून दाणे टिपणाऱ्या लावा-तित्तिर पक्ष्यांचा आयुर्वेदातील ‘विष्किर’ वर्गही याच धातूचा.

‘किरण’ हा शब्दही वैयाकरण कॄ धातूवरूनच साधतात, पण त्याचा मूळ अर्थ वादग्रस्त आहे. ऋग्वेदात (४.३८.६) दधिक्रा या दिव्य अश्वाच्या वर्णनात तो येतो. तेथे काहींनी ‘लगाम’ असा अर्थ घेतला, काहींनी ‘बारीक धूळ’. त्याच चरणात शेजारी ‘रेणु’ असल्याने धुळीचा अर्थ अधिक जुळतो. कवडशात तरंगणाऱ्या धुळीवरून तो पुढे उजेडाला लागला असावा, हे आकर्षक असले तरी अनुमानच. युरोपीय भाषांतील ‘रेडिएशन’ ही संज्ञा लॅटिन ‘रेडियस’वरून आली, त्याचा एक अर्थ चाकाचा आरा. म्हणजे तिकडे रेषेची कल्पना, इकडे विखुरण्याची.

‘किरणोत्सर्ग’ (किरण + उत्सर्ग) वेगळा. अस्थिर अणुकेंद्रातून आपोआप किरण बाहेर पडणे, हा त्याचा काटेकोर अर्थ. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ बेकरेल यांना हा आविष्कार युरेनियमच्या संयुगांत १८९६ मध्ये दिसला. ‘रेडिओॲक्टिव्ह’ ही संज्ञा क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये योजली. वृत्तपत्रे दोन्ही शब्द सरमिसळ वापरतात, त्यामुळे विकिरित कांदा ‘किरणोत्सर्गी’ होतो असा गैरसमज पसरतो. कांदा तसा होत नाही : त्यावर सोडल्या जाणाऱ्या कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा (१.१७ व १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) त्यासाठी अपुरी आहे.

लासलगावचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये उभारले. कोंब रोखण्यासाठी ०.०२ ते ०.२ किलोग्रे (शोषलेल्या ऊर्जेचे एकक) मात्रा पुरते. मात्र कांदा सुप्तावस्थेत असतानाच, काढणीनंतर लवकर ती द्यावी लागते. सड याने थांबत नाही, कांदाचाळीत हवा खेळती लागतेच. साठवलेला विकिरित कांदा चिरला, तर मधला कोंब कधीकधी तपकिरी पडलेला दिसतो. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावरही २००७ पासून येथे प्रक्रिया होऊ लागली.